सायकलमार्ग आणि मुलांच्या वाट्याचा रस्ता

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा बहुधा लसीकरण, बालआहार किंवा पावसाळ्यातील ज्वर अशा एखाद्या विषयाची असावी. पंचवीसहून अधिक वर्षे मुलांवर उपचार करणाऱ्या माणसाने नगर निगमाच्या सभागृहात येणाऱ्या सायकलमार्गाच्या प्रस्तावावर लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. मला तसे वाटत नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी आहे. तिच्यात नगरनियोजन आहे, रस्ते व पूल आहेत आणि सार्वजनिक आरोग्यही आहे. याचा सरळ अर्थ असा, की रस्त्याला मंजुरी देणारे सभागृह आणि नगराच्या आरोग्याला उत्तरदायी असणारे सभागृह एकच आहे. मग रस्त्याचा आराखडा तपासताना आरोग्याचा प्रश्न विचारावयाचाच नाही, हे कसे?

हा विषय आजच घेण्यास कारणही आहे. आपल्या ए. बी. रोडवर राजीव गांधी चौराह्यापासून निरंजनपूरपर्यंत सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो काढून टाकण्यास अनुमती दिली आणि लोखंडी कठडे निघू लागले. त्याबरोबर या रस्त्याची रुंदी कोणाला किती द्यावयाची, हा प्रश्न पुन्हा खुला झाला. अशा वेळी सायकलसाठी स्वतंत्र जागेची सूचना पुढे आली, की तिची छाननी कडकच व्हावी असे माझे मत आहे. जनतेचा पैसा आणि जनतेची जागा यांचा हिशेब मागणे हे पार्षदांचे कर्तव्यच आहे. माझे म्हणणे एवढेच, की सायकलमार्गाची छाननी आपल्याकडे चुकीच्या प्रश्नांनी होते आणि त्या प्रश्नांच्या यादीत मूल कोठेच नसते.

योगायोग असा, की रस्त्याकडे वैद्यकाच्या दृष्टीने पाहण्याचा धडा इंदूरला शंभर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. मूळचे जीवशास्त्रज्ञ असलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीज यांनी महाराज तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या काळात या नगराचा अभ्यास केला आणि १९१८ मध्ये इंदूर दरबाराला दोन खंडांचा अहवाल सादर केला. ते दिवस प्लेगचे होते. उपचाराआधी निदान, हे गेडीज यांचे सूत्र होते. गल्लीगल्लीतून पायी हिंडून, लोक कसे राहतात आणि कोठून ये-जा करतात हे पाहिल्याखेरीज नकाशावर रेघ ओढू नये, असा त्यांचा आग्रह असे. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा जेवढे बिघडले तेवढेच काढावे आणि उरलेले जपावे, या पद्धतीला त्यांनी शल्यचिकित्सेचीच संज्ञा दिली होती. आपण डॉक्टर मंडळी नगररचनेवर बोलू लागलो तर तो अनधिकार ठरत नाही, हे सांगण्यास हा वारसा पुरेसा आहे.

आता निदानाकडे वळू. आपल्या रस्त्यावर मुलाचे स्थान काय? मोटार वाहन कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलाला कोणतेही मोटार वाहन चालविता येत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारी सवलत केवळ पन्नास सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरती आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकाला वा वाहनमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग मुलाला स्वतः चालविता येईल असे कायदेशीर वाहन उरते कोणते? एकच, सायकल. ज्या रस्त्यावर सायकलला जागा नाही, त्या रस्त्यावर दहा ते सोळा वयाच्या नागरिकाला स्वतःच्या बळावर घराबाहेर पडण्याची सोयच नाही. त्याला कोणीतरी सोडावयाचे आणि कोणीतरी आणावयाचे. ज्या घरी हे शक्य नसते तेथे तेरा-चौदा वर्षांचा मुलगा वडिलांची स्कूटर घेऊन शिकवणीला जातो, हे भंवरकुआँ आणि गीता भवन परिसरात संध्याकाळी कोणालाही दिसेल. आपण पालकांना दोष देतो. तो काही अंशी योग्यही आहे. परंतु कायद्याने दिलेले वाहन चालविण्यास जागा नाही आणि न दिलेले वाहन चालविण्यास प्रशस्त रस्ता आहे, या विसंगतीचे उत्तर पालकाने एकट्याने द्यावयाचे नाही.

आकडे पाहिले तर विषयाचे गांभीर्य कळते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अठरा वर्षांखालील मुले ९,५२८ होती, म्हणजे दररोज सरासरी सव्वीस. एखाद्या संसर्गाने दररोज सव्वीस मुले दगावली असती तर आपल्या बालरोग संघटनेच्या किती तातडीच्या सभा झाल्या असत्या, याचा विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटात रस्त्यावरील अपघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे. आम्ही घटसर्प, गोवर, धनुर्वात यांच्यापासून मुलाला वाचवून पाचव्या वर्षापर्यंत आणतो आणि नंतर त्याला रस्त्याच्या हवाली करतो.

दुसरी बाजू न होणाऱ्या हालचालीची आहे. ५ ते १७ या वयात रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक श्रम व्हावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. प्रत्यक्षात जगातील ११ ते १७ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ८० टक्के ही मर्यादा गाठत नाहीत. माझ्या चिकित्सालयात येणारी वजनदार मुले, जेवणाखाण्याच्या तक्रारी, लहान वयात लागलेला चष्मा या सर्वांशी उन्हात आणि मोकळ्या हवेत घालविलेल्या वेळेचा संबंध आहे. आपण सर्वजण कागदावर ‘रोज व्यायाम’ असे लिहितो. त्यावर आई विचारते, “डॉक्टरसाहेब, कुठे पाठवू? मैदान दीड किलोमीटरवर आहे आणि मध्ये मोठा रस्ता आहे.” या प्रश्नाचे उत्तर औषधांच्या यादीत नाही. ते निगमाच्या बांधकाम विभागात आहे.

सायकलमार्गाचा प्रस्ताव कोणत्याही नगराच्या सभागृहात आला, की साधारणतः चार आक्षेप येतात. ते आदराने ऐकून त्यांचा विचार केला पाहिजे, कारण त्यांतील एकही सर्वस्वी पोकळ नाही.

पहिला आक्षेप असा, की आता सायकल चालवितो कोण? सकाळी रस्त्यावर उभे राहून मोजले तर सायकली थोड्याच दिसतील, हे खरे आहे. पण ज्या गावात दवाखाना नाही तेथील रुग्णनोंद शून्य असते आणि त्यावरून ते गाव निरोगी आहे असे आपण म्हणत नाही. शिवाय ‘कोणीच नाही’ हेही बरोबर नाही. पहाटेचा दूधवाला आणि वर्तमानपत्रवाला, सांवेर रोडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा कामगार, इमारतींचे रखवालदार हे सारे आजही सायकलवर आहेत. ते सभागृहात निवेदन घेऊन येत नाहीत, म्हणून मोजले जात नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. आपलेच राज्य शासन ग्रामीण विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यासाठी विनामूल्य सायकली देते. गावात सायकल देणारे शासन आणि नगरात सायकलला जागा न देणारा रस्ता, हे चित्र विचित्र आहे.

दुसरा आक्षेप दुकानदारांचा. दुकानासमोरची गाडी लावण्याची जागा गेली तर ग्राहक तुटेल, ही भीती खरी आहे आणि ती बाळगणारी माणसे आपलीच आहेत. या भीतीची थट्टा करून कोणताही मार्ग टिकणार नाही. पण सार्वजनिक रस्त्याचा तुकडा दिवसभर एका उभ्या गाडीला विनामूल्य देणे, हा हक्क कोणी कधी मंजूर केला होता काय? दिवसभर उभी राहणारी गाडी बहुधा ग्राहकाची नसते, ती दुकानाच्या मालकाची किंवा नोकराची असते. कोणत्या जागेवर किती वेळ कोणाची गाडी असते, याची आठवडाभर नोंद घेतली तर हा वाद पुष्कळसा शमेल. हातगाडीवाल्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २०१४ च्या पथ विक्रेता कायद्याने त्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिलेले आहे. त्यांची जागा आराखड्यात आधी दाखवावी आणि मग सायकलची रेघ ओढावी.

तिसरा आक्षेप रुग्णवाहिकेचा. हा आपल्या व्यवसायाशी निगडित असल्यामुळे त्यावर आपणच अधिकाराने बोलले पाहिजे. चौकात अडकलेली रुग्णवाहिका सायकलींमुळे अडकत नाही, ती मोटारींच्या रांगेत अडकते. तथापि रुग्णालयांच्या दारांशी मार्ग कसा खुला राहील, कठडा कोठे तुटेल, वळण किती राहील, हे आराखड्यात दाखविले नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. चौथा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर पुढच्या विवेचनात येईल, कारण पैसा बहुधा सायकलमार्गावर वाया जात नाही, अर्धवट सायकलमार्गावर वाया जातो.

बीआरटीएसच्या मूळ आराखड्यात दोन्ही बाजूंस पदपथ आणि सायकलमार्ग अभिप्रेत होते. प्रत्यक्षात ते सलग राहिले नाहीत. कोठे गाड्या उभ्या राहिल्या, कोठे खांब आले, कोठे मार्ग अचानक संपून सायकलस्वार पुन्हा भरधाव वाहनांत ढकलला गेला. लोकांनी तो वापरला नाही आणि ‘इंदूरमध्ये सायकलमार्ग चालत नाही’ असा निष्कर्ष निघाला. आपण प्रतिजैविकांचा अपुरा डोस देण्याच्या विरोधात रुग्णांना नेहमी समजावतो. अपुऱ्या डोसाने रोग बरा होत नाही, आणि पुढे योग्य डोसालाही तो दाद देत नाही. अर्धवट सायकलमार्गाचे असेच आहे. तो स्वतः निरुपयोगी ठरतोच, शिवाय पुढल्या चांगल्या प्रस्तावाविरुद्ध पुरावा बनतो.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. ज्या नेदरलँड्स देशाचे उदाहरण सायकलच्या बाबतीत नेहमी दिले जाते, तेथेही साठच्या दशकात मोटारींनी रस्ते व्यापले होते. १९७१ साली त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. अपघातात आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहिला. त्याच्या मथळ्यात मुलांच्या या हत्या थांबवा, अशी हाक होती. त्याच नावाची पालकांची चळवळ उभी राहिली. म्हणजे त्या देशाचे सायकलमार्ग हौशी सायकलपटूंच्या आवडीतून आले नाहीत, मुलांच्या मृत्यूंनी अस्वस्थ झालेल्या आईबापांच्या आग्रहालाही त्यांचे श्रेय जाते. पुढे सत्तरच्या दशकात शासनाच्या पैशाने तिलबर्ग आणि द हेग येथे नमुन्यादाखल एकेक उत्तम मार्ग बांधण्यात आला. अनुभव असा आला, की एकटादुकटा मार्ग कितीही चांगला असला तरी त्याने सायकल चालविणाऱ्यांची संख्या फारशी वाढत नाही. नंतर डेल्फ्ट या नगरात घर, शाळा, बाजार यांना जोडणारे संपूर्ण जाळे करण्यात आले, तेव्हा सायकलचा वापर वाढला. यावरून सभागृहाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ‘या एका किलोमीटरचा उपयोग काय?’ असा प्रश्न विचारण्याआधी ‘हा किलोमीटर कोठून निघतो आणि कोणत्या शाळेशी संपतो?’ असे विचारले पाहिजे.

केवळ मंजुरी मिळाली म्हणजे कार्य झाले, असेही नाही. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यात सुमारे ८२४ किलोमीटरचे जाळे आखलेले होते. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे पुण्यात आहेत. कागदावरचे जाळे आणि जमिनीवरचा तुटक मार्ग यांतील अंतर आपण तेथे जाऊन पाहिलेच आहे. मंजुरीच्या ठरावात देखभालीची जबाबदारी, तिचा वार्षिक खर्च आणि अतिक्रमण हटविण्याचा अधिकार कोणाकडे, हे लिहिलेले नसेल तर तो ठराव म्हणजे पाठपुराव्याची तारीख नसलेले औषधपत्र होय.

तेव्हा उद्या इंदूरच्या मेयर-इन-काउंसिलपुढे किंवा पंचाऐंशी पार्षदांच्या सभागृहापुढे असा प्रस्ताव आला, तर त्याला कोणते प्रश्न विचारावेत? माझ्या मते हे पाच विचारावेत. एक, बारा वर्षांचे मूल या मार्गावरून एकटे शाळेत जाऊ शकेल काय? दोन, मार्ग वाहनांपासून उंचवट्याने किंवा कठड्याने वेगळा आहे, की नुसता रंगाचा पट्टा आहे? तीन, चौकात काय होते? बहुतेक आराखडे चौकाशी येऊन मुके होतात आणि धोका नेमका तेथेच असतो. चार, पहिल्या वर्षानंतर झाडणार कोण, दिवे लावणार कोण आणि उभ्या गाड्या उचलणार कोण? पाच, यश कशाने मोजावयाचे आणि ते आकडे सभागृहापुढे केव्हा ठेवावयाचे? इंडियन रोड्स काँग्रेसची सायकलमार्गांची मानके १९६२ पासून आहेत आणि २०१५ मध्ये ती सुधारण्यात आली. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने रस्त्याची जागा वाटताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी मानावीत, असे सांगितलेले आहे. म्हणजे नियमांची उणीव नाही, विचारणाऱ्यांची आहे.

सर्वत्र सायकलमार्ग हवाच, असाही माझा हट्ट नाही. राजवाडा, सराफा, बर्तनबाजार येथील गल्ल्यांत वेगळी पट्टी बसणारच नाही. तेथे वेग कमी राखणे हाच उपाय आहे. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून वेगवान हमरस्त्यावर वेगळा मार्ग आणि वस्तीतील रस्त्यावर मंद वाहतूक, अशी विभागणी शास्त्रशुद्ध ठरेल. जेथे शंका आहे तेथे आधी तात्पुरता प्रयोग करावा. केंद्र शासनाने जून २०२० मध्ये सायकलविषयक जी स्पर्धा योजली, तिच्यात सर्वेक्षण आणि तात्पुरते मार्ग यांवरच भर होता. जुलै २०२१ मध्ये निवडलेल्या अकरा शहरांत आपल्या मराठी बांधवांचे जुने केंद्र असलेले वडोदरा होते, तसेच नागपूर व पिंपरी-चिंचवडही होते. सहा महिने सुळे आणि कुंड्या ठेवून पाहावे, मोजावे, चुकले तेथे बदलावे आणि मग सिमेंट ओतावे. औषधाची चाचणी न घेता ते बाजारात आणणे आपल्याला मान्य नसते, आणि चाचणीच न घेता ते नाकारणेही मान्य नसते.

आता शेवटचे आणि काहीसे अप्रिय. सायकलमार्गाला विरोध करणाऱ्यांत आपला व्यवसायही असू शकतो. आपली अनेक रुग्णालये आणि नर्सिंग होम मुख्य रस्त्यावर आहेत. नकाशात वाहनतळ म्हणून दाखविलेल्या तळघरांत कोठे औषधांचे दुकान आहे, कोठे प्रयोगशाळा आहे, आणि रुग्णांच्या गाड्या रस्त्यावर आहेत. पदपथ आणि सायकलमार्ग अडविणारी पहिली गाडी रुग्णालयाच्या दारातली असेल, तर दुकानदाराला शहाणपण सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. आपल्या दाराशी असलेला पन्नास फूट रस्ता आपण मोकळा केला, तर सभागृहात आपल्या शब्दाला वजन येईल.

आणखी एक गोष्ट केवळ आपणच करू शकतो. अपघातात जखमी झालेले प्रत्येक मूल कोणत्या ना कोणत्या डॉक्टरकडे येते. त्याचे नाव न नोंदविता वय, वेळ, चौक आणि ते पायी होते, सायकलवर होते की वाहनात होते, एवढ्या चार गोष्टी आपल्या संस्थेच्या सभासदांनी वर्षभर एका साध्या वहीत लिहिल्या, तर शहरातील मुलांसाठी धोक्याच्या जागांचा नकाशा तयार होईल. असा नकाशा हाती असलेल्या पार्षदाला ‘सायकल चालवितो कोण?’ या प्रश्नावर थांबावे लागणार नाही.

दररोज घरोघरचा कचरा उचलण्याचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करून २०१७ पासून स्वच्छतेत देशात अग्रक्रम मिळविणारे हे नगर आहे. जे काम रोज तपासले जाते ते येथे होते, हे आपण पाहिलेले आहे. सायकलमार्गाचीही तशीच तपासणी होवो, मंजुरीआधी आणि मंजुरीनंतरही. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या संस्थेने अशा नोंदवहीचा ठराव करावा आणि एक वर्षाने तिचे निष्कर्ष घेऊन शिष्टमंडळाने निगमात जावे, अशी सूचना मी या लेखाद्वारे सभासदांपुढे ठेवीत आहे.